जूनमध्ये ब्रश कटर चालू का होत नाही? कार्बोरेटर, इथेनॉल आणि टाकीत राहिलेलं पेट्रोल

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की तासगाव-पलूस भागात द्राक्षबागेच्या बांधावर गवत गुडघ्याला लागतं. मग शेडच्या कोपऱ्यातलं ब्रश कटर बाहेर निघतं. धूळ झटकायची, गेल्या दिवाळीत टाकीत राहिलेलं पेट्रोल हलवून बघायचं, 'आहे की बरंच' म्हणायचं आणि दोरी ओढायला लागायचं. वीस झाले, तीस झाले. खांदा भरून येतो, पण मशीन काही बोलत नाही. शेवटी ते मोटरसायकलवर बांधून दुकानात न्यावं, तर तिथं आधीच आठ-दहा मशीनं रांगेत. दुकानदार टाकीचं झाकण काढून वास घेतो आणि म्हणतो, "इथेनॉलनं खाल्लं बघा कार्बोरेटर."

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून देशभर वाद पेटल्यापासून हे वाक्य जास्तच ऐकू येतं. ते पूर्ण खोटं नाही आणि पूर्ण खरंही नाही. आमच्या वस्तीवर भावकीतली पाच-सहा मशीनं आहेत: दोन ब्रश कटर, एक पॉवर वीडर, फवारणीचे पाठीवरचे पंप आणि एक जुना पेट्रोल वॉटर पंप. सगळ्यांचे कार्बोरेटर मी स्वतः खोलतो. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. लहान इंजिनाचा कार्बोरेटर मोडतो क्वचितच, तुंबतो मात्र कायम. आणि तुंबतो तो बहुतेक वेळा आपणच आत ठेवलेल्या पेट्रोलमुळे. हे नीट कळायचं तर आधी त्या मुठीएवढ्या डब्यात चालतं काय, ते बघू.

## चुलवाण आणि चिपाड

गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालणारा माणूस बघितला असेल. एकदम भारा कोंबला तर जाळ दबतो आणि काळा धूर निघतो. हात आखडला तर जाळ पडतो आणि कढईची उकळी थांबते. सगळी कला जळण आणि हवा यांचा मेळ राखण्यात. इंजिनात हेच काम कार्बोरेटर करतो, मिनिटाला हजारो वेळा.

हिशेब असा. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा हलकी असते, म्हणून वजनाऐवजी आकारमान धरलं तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ-दहा हजार लिटर हवा होते, म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या नऊ-दहा टाक्या. एवढ्या हवेत ते एक लिटर बारीक तुषार करून सारखं मिसळायचं असतं. पेट्रोल जास्त पडलं तर मिश्रण 'जाड' झालं म्हणू आणि कमी पडलं तर 'पातळ'. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखे लागतील.

पेट्रोल वर कसं चढतं? पूर्वी घरोघरी डास मारायला फ्लिटचा हातपंप असायचा. दांडा ढकलला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जायची आणि खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर येऊन फवारा उडायचा. वेगानं जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून खालचा द्रव वर ढकलला जातो. कार्बोरेटरमध्ये हवेची वाट मध्यभागी मुद्दाम अरुंद केलेली असते. तिथं हवा वेग घेते आणि पेट्रोल त्या फवाऱ्यासारखं वर येतं. या अरुंद गळ्याला व्हेंच्युरी म्हणतात. व्हेंच्युरी हा इटालियन शास्त्रज्ञ. त्याचं या विषयावरचं काम १७९७ सालचं, म्हणजे पेट्रोल इंजिन जन्माला यायच्या कितीतरी आधीचं.

खाली पेट्रोलची एक छोटी वाटी असते. तिच्यातली पातळी कायम राखायला आत एक तरंगता फ्लोट आणि त्याला जोडलेली टोकदार पिन असते. छपरावरच्या टाकीतला बॉल आठवा. पाणी भरलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. इथंही तेच. ब्रश कटर मात्र आपण तिरका करतो, आडवा करतो, बांधाच्या उतारावर उलटासुद्धा धरतो. तिथं तरंगता फ्लोट काय कामाचा? म्हणून त्या मशीनच्या कार्बोरेटरमध्ये वाटीऐवजी डायफ्राम असतो, म्हणजे इंजिनाच्या दाबावर हलणारा एक पातळ पडदा. तोच पेट्रोल ओढतो आणि तोच मोजून सोडतो.

वाटीतलं पेट्रोल वर जातं ते जेटमधून. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध नेमक्या मापाचं भोक असलेला. मेन जेट लोडवर काम करतो आणि त्याचं भोक बहुतेक लहान इंजिनांत एक मिलिमीटरपेक्षा लहान असतं. स्लो जेट इंजिन नुसतं गुणगुणत असताना पेट्रोल पुरवतो आणि त्याचं भोक मेन जेटच्या निम्म्याच्या आसपास. आता कल्पना करा, त्या भोकात मोहरीच्या दाण्याच्या टरफलाएवढा कचरा अडकला तर काय होईल.

राहिला चोक. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला हवेची वाट थोडी झाकून मिश्रण जाड करायचं. इंजिन तापलं की चोक उघडायचा.

## रसाची काकवी

उसाचा रस कढईत आटत गेला की पाणी उडतं आणि तळाला चिकट काकवी राहते. ती भांड्यात वाळू दिली तर घासूनही निघत नाही. पेट्रोलचं असंच होतं, फक्त जाळाशिवाय आणि हळूहळू. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, शेकडो घटकांचं मिश्रण आहे. ठेवून दिलं की आधी त्यातले हलके घटक उडून जातात. इंजिन पटकन पेटवायला नेमके तेच लागतात. मागं राहिलेले जड घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखे होतात. वाटीत तर पेट्रोल असतं थोडंसंच, त्यामुळे तिथं हे लवकर घडतं. वाटीच्या तळाला पिवळसर तपकिरी लुकण दिसतं आणि पेट्रोलचा नेहमीचा तिखट वास जाऊन आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. हा वास एकदा ओळखायला शिकलात की अर्धं निदान झाकण उघडतानाच होतं.

अनेक लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत महिनाभराहून जास्त मशीन उभं राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवायला सांगितलेलं असतं. आपल्याकडे ब्रश कटर दिवाळीला बंद होतं आणि मृगाला उघडतं. म्हणजे सात महिने.

## मग इथेनॉलचा दोष काय?

आपल्या भागाला इथेनॉल परकं नाही. ते आपल्याच उसाच्या रसापासून आणि मळीपासून कारखान्यांत तयार होतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० साठी ठेवलं होतं. २०२२ मध्ये ते २०२५-२६ वर आणलं. देशात सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि आज पंपावर मिळतं ते साधारणपणे वीस टक्क्यांचं. कारखाना टिकला तर उसाचं बिल वेळेवर मिळतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या उसातून ते इथेनॉल निघतं, त्याच्याच शेडमधल्या मशीनवर त्याचा परिणाम काय होतो, हे त्याला कुणीतरी सरळ सांगायला हवं.

पहिला परिणाम पाण्याचा. पावसाळ्यात गुळाची ढेप उघडी राहिली की तिला पाणी सुटतं, कारण गूळ हवेतला ओलावा ओढतो. इथेनॉलही ओढतं. शुद्ध पेट्रोल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, पण इथेनॉल पाण्याला पोटात घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत काही दिसत नाही. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून तळाला जाऊन बसतात आणि वर उरतं कमी प्रतीचं पेट्रोल. टाकीची नळी पेट्रोल ओढते तळातूनच, म्हणजे इंजिनाला आधी तो खालचा थर मिळतो. नुसत्या दमट हवेनं हे एका आठवड्यात होत नाही. सैल झाकणातून पावसाचं पाणी शिरणं, अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं थेंब जमणं, उघडा कॅन, अशा वाटांनी ते घडतं. ओलाव्यानं कार्बोरेटरच्या जस्त-ॲल्युमिनियमच्या अंगावर पांढरी भुकटी आणि पितळी जेटवर हिरवट थर धरतो. ती भुकटी सुटून भोकात जाते.

दुसरा परिणाम रबरावर. जुन्या बनावटीच्या नळ्या, वॉशर, डायफ्राम इथेनॉलमध्ये फुगतात, नंतर कडक होतात आणि त्यांना भेगा जातात. नवी मशीनं घेताना पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं ते बघा. बऱ्याच लहान इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली असते.

तिसऱ्या परिणामाची चर्चा सगळ्यात कमी होते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक ग्रॅम इथेनॉलला साधारण नऊ ग्रॅम हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेटचं भोक मात्र पूर्वीच्या हिशेबानं पाडलेलं असतं. ते पूर्वीइतकंच इंधन सोडतं, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. आजच्या मोटरसायकलींत कार्बोरेटरऐवजी इंधन मोजून फवारणारं इंजेक्शन असतं. एप्रिल २०२० च्या धुराबाबतच्या बीएस-सहा नियमांनंतर दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. तिथं सेन्सर धूर तपासतो आणि इंधन थोडं वाढवून घेतो. कार्बोरेटरला असं डोकं नसतं. पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं, आणि ज्या टू-स्ट्रोक मशीनला तेलही पेट्रोलमधूनच मिळतं, तिथं पिस्टन धरायचा, म्हणजे जाम व्हायचा धोका वाढतो.

## "पूर्वी नव्हतं बुवा असं काही"

होतं. स्कूटरच्या जमान्यात महिनाभर गाडी उभी राहिली की जेट काढून हवा मारायला लागायचीच. डिंक तेव्हाही धरायचा. इथेनॉलनं त्यात ओलाव्याची भर घातली आणि चूक पदरात घालून घ्यायची मुदत कमी केली. आणखी एक गोष्ट झाली: इथेनॉल चांगलं धुतं. जुन्या टाकीच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटलेला मळ ते सोडवतं आणि तो जेटच्या तोंडाशी आणून टाकतं. म्हणून नव्या पेट्रोलनं मशीन बिघडल्यासारखं वाटतं, पण घाण आधीपासून टाकीतच होती.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालून हे सुटेल का, असंही विचारतात. ऑक्टेन म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी भडकू न देण्याची ताकद. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, ते त्या आकड्यावरून कळत नाही. कमी दाबाच्या लहान इंजिनाला त्याचा फायदाही होत नाही.

## खोलण्याआधी: इथं घाई करू नका

मला सगळ्यात जास्त काळजी या भागाची आहे, म्हणून जरा लांबवतो.

पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आणि ती वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी तयार होते. म्हणजे आपल्या हवेत उघड्या वाटीतल्या पेट्रोलवर ती कायम असतेच. ती हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, म्हणून वर उडून न जाता फरशीवरून सरकत जाते, खड्ड्यात साचते, उंबऱ्यावरून आत जाते. पडवीत कार्बोरेटर खोललाय आणि आतल्या खोलीत चूल किंवा देवापुढं समई पेटलेली आहे, हे चालणार नाही. काम अंगणात, वाऱ्याला, सावलीत. विडी-सिगारेट पेटवणारा पाहुणा आला तर त्याला आधी लांब बसवा.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोलचा ओघळ गेला तर पुढचं सांगायला नको. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, म्हणजे चुकून दोरी ओढली गेली तरी इंजिन चालू होणार नाही आणि पातं फिरणार नाही.

तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढायची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडा. घोटभर पेट्रोल पोटात गेलं त्यापेक्षा चमचाभर फुप्फुसात गेलं तर ते जास्त वाईट. तिथं ते सूज आणतं आणि न्यूमोनियासारखी अवस्था होते. कुणाच्या बाबतीत असं झालंच तर मीठपाणी पाजून उलटी करायला लावू नका. उलटीत ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठा. पेट्रोल काढायला हातानं दाबायचा रबरी पंप मिळतो.

कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे एका भोकात मारला की दुसऱ्या भोकातून डोळ्यात उडतो. चष्मा लावा, रबरी हातमोजे घाला. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर फ्लोट आणि डायफ्राम आधी काढून ठेवा. पूर्ण दाबाची हवा लागली तर फ्लोट चेपतो आणि पडदा फाटतो.

काही जण कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात पेट्रोल ओतून दोरी ओढतात. इंजिन उलट मारलं तर जाळ थेट तोंडावर येतो. प्लग काढून, तो उघडा ठेवून, ठिणगी बघत दोरी ओढणंही तसंच. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि ठिणगी तिथंच पडते. जवळ कोरडी वाळू किंवा माती भरलेली बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं.

साठ्याबद्दल एक. कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल ठेवायचं नाही. लहान पोराच्या हाताला लागतं, उन्हात फुगतं आणि कायद्यातही बसत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचं भांडं जास्तीत जास्त २५ लिटरचं, काचेचं एक लिटरचं.

आणि विहीर. पाणी खाली गेलं की पेट्रोलचा पंप दोरानं विहिरीत उतरवून चालू करायचा मोह होतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. विहिरीत वारा नसतो. खाली गेलेला माणूस आधी गुंगतो, मग पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. बंद शेडमध्ये जनरेटर किंवा दुरुस्तीनंतर मशीन चालवून बघणंही याच कारणानं टाळा. विहिरीत इंजिन उतरवू नका, पाणी ओढायचा दुसरा मार्ग बघा.

## कार्बोरेटरला शेवटी हात लावा

आमचे एक आबा मशीन चालू झालं नाही की पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरवरचे स्क्रू फिरवायचे. मग खरा बिघाड सापडला तरी मशीन धड चालायचं नाही, कारण सेटिंग गेलेलं असायचं. क्रम उलटा ठेवा.

आधी टाकीत ताजं पेट्रोल घाला. निम्मी मशीनं इथंच चालू होतात. मग प्लग काढून नुसता बघा. टोक फिकट विटकरी असेल तर मिश्रण ठीक. काळी कोरडी काजळी किंवा ओलं टोक म्हणजे जाड मिश्रण. पांढरं, भाजल्यासारखं टोक म्हणजे पातळ. मग एअर फिल्टर. फवारणीच्या पंपाचा फिल्टर औषधाच्या भुकटीनं भरतो, ब्रश कटरचा गवताच्या चुऱ्यानं. फिल्टर बंद झाला की चोक ओढून ठेवल्यासारखंच होतं, काळा धूर निघतो, आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या माथी येतो.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं आणि थांबतं, तसं ते भोक बुजलं की पेट्रोल येणं थांबतं. मशीन पाच-दहा मिनिटं मस्त चालून बंद पडत असेल तर इंजिन थांबवून झाकण अर्धा फेरा सैल करा आणि परत लावून बघा. चाललं तर दुखणं झाकणाचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक आख्खी दुपार वाचली असती.

एवढं करून जमलं नाही तर मशीनच्या बोलण्याकडे कान द्या. चोकवर चालतं आणि चोक उघडला की बंद पडतं? पेट्रोल कमी पडतंय, जेट तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. मोकळं चालताना बंद पडतं पण रेस दिली की ठीक? स्लो जेट. मोकळं ठीक आणि गवतात घातलं की बसतं? मेन जेट. आवाज आपोआप वरखाली होत राहतो? बहुधा पातळ मिश्रण. कार्बोरेटरमधून पेट्रोल थेंबथेंब गळतं? फ्लोटची पिन बसत नाहीये. त्या पिनखाली कचऱ्याचा कण असतो. वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलके टोले दिले तर कधी कधी तो सुटतो. फोर-स्ट्रोक मशीन असं रात्रभर गळलं असेल तर चालू करायच्या आधी इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. ऑइल बदलल्याशिवाय दोरीला हात लावू नका.

## खोलायचंच ठरलं तर

मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, मग फोन बाजूला ठेवा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती, हे संध्याकाळी कुणालाच आठवत नाही. पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल धातूच्या डब्यात काढा. खाली बहुतेक एकच बोल्ट असतो, तो काढला की वाटी हातात येते. मधली रबरी रिंग ताणू नका. फ्लोटची आडवी काडी एका बाजूनं सरकते. ती निघाली की फ्लोट आणि पिन बाहेर येतात. खाली पांढरं कापड अंथरलं असेल तर काही हरवत नाही.

जेट पितळेचे, म्हणजे मऊ. खाचेत अगदी घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच झिजते आणि जेट कायमचा आत राहतो. काढलेला जेट आभाळाकडे धरून बघा. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. नसेल तर स्प्रे मारा, दहा मिनिटं भिजू द्या, पुन्हा मारा. सुई किंवा तार घालू नका. केसाएवढं भोक वाढलं तरी माप बिघडतं आणि मशीन जन्मभर पेट्रोल पीत बसतं. अगदीच हट्टी कचरा असेल तर मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा चालतो.

मिश्रणाचा स्क्रू काढायच्या आधी तो हळूच आत फिरवून टेकेपर्यंत फेरे मोजा. दीड असेल तर दीड लिहून ठेवा, परत बसवताना तेवढाच उघडा. जोरानं आवळला तर त्याचं टोक आणि बैठक दोन्ही जातात. वॉटर पंप आणि वीडरवर इंजिनाचा वेग धरून ठेवणारी एक स्प्रिंग आणि दांडी असते. तिला वाकवून वेग वाढवायचा मोह आवरा. इंजिन ठरल्यापेक्षा जास्त फिरलं तर आतला दांडा तुटून बाहेर येऊ शकतो.

डायफ्रामचा कार्बोरेटर असेल तर पडदा उजेडात धरा. तो मऊ आणि सपाट हवा. कडक, सुरकुतलेला किंवा कागदासारखा वाजणारा असेल तर बदला. डायफ्राम किट स्वस्त मिळतं.

सगळं जोडल्यावर कॉक उघडून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. कुठं थेंब नाही ना? सांडलेलं पुसून, वाळू देऊन, मगच प्लगची टोपी लावा.

## "मेकॅनिक तर पेट्रोलनंच धुतात"

धुतात, आणि रोज धोका पत्करतात. बाहेरचा मळ काढायला रॉकेल किंवा डिझेल त्यापेक्षा बरं, कारण नेहमीच्या हवेत त्यांची पेटण्याजोगी वाफ फारशी होत नाही. आतल्या वाटांना स्प्रेच लागतो. रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळून मशीन चालवणं मात्र वेगळी गोष्ट आहे, त्यानं काजळी धरते आणि इंजिन ठोकतं.

"एवढा कुटाणा कशाला, काही शे रुपयांत नवा कार्बोरेटर येतो", हाही प्रश्न रास्त आहे. येतो. पण नकलेच्या कार्बोरेटरमधला जेट आपल्या इंजिनाच्या मापाचा असेलच असं नाही. पातळ निघाला तर टू-स्ट्रोकचा पिस्टन त्याची किंमत भरतो. आणि पेट्रोल ठेवायची सवय बदलली नाही तर नवाही पुढच्या जूनला तुंबतोच.

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. महाबळेश्वर सांगलीपेक्षा जवळजवळ ८०० मीटर उंच आहे. तिथली हवा साधारण आठ टक्के विरळ असते. खाली कराडला ट्यून केलेलं मशीन वर नेलं की मिश्रण थोडं जाड होतं, धूर काळपट येतो आणि ताकद कमी लागते. ते बिघाड समजून खोलू नका. पुस्तिकेत उंचीसाठी वेगळा जेट सांगितला असेल तर तो घाला.

## हंगाम संपल्यावरची दहा मिनिटं

पेट्रोल पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच आणा. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल तर महिन्याच्या आत संपवा. ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच घ्या, शेजाऱ्याच्या मशीनचं नको. ओतताना जाळीचं नरसाळं वापरा.

शेवटचं गवत कापून झालं की टाकीतलं पेट्रोल काढून घ्या. साधं असेल तर ते मोटरसायकलमध्ये चालतं, ऑइल मिसळलेलं तिच्यात घालू नका. काही जण म्हणतात, कार्बोरेटर रिकामा ठेवला की डायफ्राम वाळतो. कधी वाळतोही. पण वाळलेला डायफ्राम किटमध्ये बदलता येतो आणि डिंक धरलेल्या आतल्या बारीक वाटा कधीकधी कशानंच मोकळ्या होत नाहीत. पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तिचं ऐका.

मग उघड्यावर मशीन चालू करा आणि कॉक असेल तर तो बंद करा. वाटीत उरलेलं पेट्रोल जळत राहतं. मिनिट-दोन मिनिटांनी आवाज एकदम चढतो, कारण मिश्रण पातळ होत आलेलं असतं. तेव्हा चोक थोडा ओढा, म्हणजे राहिलेले दोन थेंबही निघतात. मशीन अडखळतं, दोन-तीन ठोके चुकतं आणि थांबतं. वाटीखालचा स्क्रू उघडून शेवटचा थेंब कापडावर टिपून घ्या, झाकण घट्ट लावा आणि मशीन शेडमध्ये जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगा.